सबंध वर्गाची सहल

साठ-सत्तर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील कितीतरी खेड्यांत पहाटेच मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकू येत असे. विहिरीवरची बैलांची जोडी धावेवरून खाली उतरे, पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येई आणि थारोळ्यात रिती होई. पुढे तेलाची इंजिने आली, विजेचे पंप आले, आणि मोट विहिरीवरून निघून अडगळीत पडली. लाकडी नांगराचीही तीच गत झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा प्रारंभी शेतकरी तो घेण्यास कचरत होते. हळूहळू लोखंडी नांगर शेतोशेती पोहोचला आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी ट्रॅक्टर आला.

जुनी अवजारे मोडून जळणात जाऊ नयेत, म्हणून जगात अनेक ठिकाणी ती जपून ठेवली जातात. स्वीडन देशाच्या राजधानीत, स्टॉकहोम येथे, १८९१ साली 'स्कान्सेन' नावाचे उघड्यावरचे संग्रहालय सुरू झाले. तेथे जुनी शेतघरे ठिकठिकाणांहून आणून पुन्हा उभी केली आहेत. गोव्यात बाणावली येथे 'गोवा चित्र' हे संग्रहालय आहे. तेथे शेतीची व घरकामाची पारंपरिक साधने पाहावयास मिळतात. अशा मोठ्या संग्रहालयांखेरीज एखाद्या शेतकऱ्याने आपल्याच गोठ्यात वाडवडिलांची अवजारे मांडून ठेवलेली असतात. तेही एक लहानसे संग्रहालयच होय.

संग्रहालय सर्वांसाठी असते, असे म्हणतात. परंतु दाराशी चार पायऱ्या असल्या, तर ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी ते दार बंदच असते. ते दार उघडावयाचे कसे? पुढील हकीकत एका कल्पित वर्गाची आहे. तीत आलेल्या अडचणी आणि उताराचे गणित मात्र खरे आहे.

*

सातवीच्या वर्गाने शाळेपासून अठरा किलोमीटरांवर असलेले शेतीचे एक लहान संग्रहालय पाहावयाचे ठरविले. गुरुजींनी फळ्याशेजारी नावांची यादी लावली. सहलीला येणाऱ्यांनी आपल्या नावापुढे खूण करावयाची होती. सायंकाळपर्यंत छत्तीसपैकी चौतीस नावांपुढे खुणा झाल्या. माधव आणि सुमन यांच्या नावांपुढची जागा मात्र कोरीच राहिली.

माधवला चालता येत नसे. तो चाकांच्या खुर्चीवरून, म्हणजे व्हीलचेअरवरून, शाळेत येई. सुमनला डोळ्यांनी दिसत नसे.

"माधव, तुला यावयाचे नाही का?" गुरुजींनी विचारले.

"गुरुजी, मागच्या वर्षी सगळे किल्ल्यावर गेले, तेव्हा मी पायथ्याशी गाडीत चार तास बसून होतो," माधव म्हणाला. "चालककाकांनी मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या. पण शेंगा घरीही मिळतात."

काही मुले हसली. पण लगेच गप्प झाली.

सुमन म्हणाली, "संग्रहालयात 'हात लावू नका' अशी पाटी असते, असे माझी ताई सांगते. मग मी तेथे काय पाहू?"

"आपण दोघांसाठी येताना खाऊ आणू, चित्रेही आणू," एका मुलाने सुचविले.

"खाऊ आणल्याने सहल होत नाही," वर्गनायिका शांता म्हणाली.

गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग ते म्हणाले, "ही सहल वर्गाची आहे आणि वर्ग छत्तीस मुलांचा आहे. आपल्या हाती तीन आठवडे आहेत. तेवढ्यात सर्वांना जाता येईल अशी तयारी झाली, तर या संग्रहालयास जाऊ. न झाली, तर दुसरे ठिकाण शोधू."

हे रघूला आवडले नाही. त्या संग्रहालयाच्या माळ्यावर जुन्या वस्तू आहेत, हे त्याने ऐकले होते व कधी एकदा त्या पाहतो असे त्याला झाले होते. "दोघांसाठी आम्ही सगळ्यांनी का थांबावे, गुरुजी?" तो म्हणाला.

"आधी तयारीला तर लाग," गुरुजी म्हणाले. "तयारी पुरी झाल्यावर हाच प्रश्न मला पुन्हा विचार."

*

मुलांनी तयारीस उत्साहाने प्रारंभ केला. परंतु पहिलीच चूक झाली. माधवसाठी काय काय करावयाचे याची लांबलचक यादी त्यांनी माधवला न विचारताच केली. 'चौघांनी मिळून माधवला खुर्चीसह उचलावे,' हे त्या यादीतील पहिले कलम होते.

माधवने यादी वाचली. "मला पोत्यासारखे उचललेले आवडत नाही," तो म्हणाला. "उचलताना एखाद्याचा हात सुटला, तर मी पडेन आणि उचलणाराही पडेल. सपाट वाट आणि पुरेसे रुंद दार असले, की मी माझा मी जातो. स्वच्छतागृहात खुर्ची शिरते की नाही, तेवढे मात्र आधी पाहा. ते कोणीच पाहत नाही. म्हणून बाहेर जावयाचे असले, की मी सकाळपासून पाणी पीत नाही."

ही गोष्ट वर्गात कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. शांताने ती जुनी यादी फाडली आणि कोऱ्या कागदावर लिहिले : 'पहिले काम – ज्याची अडचण त्यालाच विचारणे.'

मग सुमनला विचारले. ती म्हणाली, "चालताना माझा हात धरून मला ओढू नका. मीच तुमच्या कोपराच्या वर धरीन, म्हणजे तुम्ही वळलात, थांबलात, की मला कळते. आणि 'तेथे आहे, इकडे ये' असे म्हणू नका. 'उजवीकडे दोन पावलांवर पायरी आहे' असे सांगा."

कानाला श्रवणयंत्र लावणारा बाळू आजवर काही बोलला नव्हता. तोही आता म्हणाला, "माहिती सांगणारे वस्तूकडे तोंड करून बोलतात. त्यांचे ओठ दिसले नाहीत, तर मला निम्मे समजत नाही."

अशा रीतीने दोघांची यादी तिघांची झाली. त्यानंतर शांताने संग्रहालयाच्या व्यवस्थापकांना पुढील पत्र लिहिले.

"ती. आजोबांस,
कृ. सा. न. वि. वि.
आमच्या वर्गातील छत्तीस मुले आपले संग्रहालय पाहू इच्छितात. आमच्यापैकी एक जण चाकांच्या खुर्चीवरून येतो, एकीला दिसत नाही आणि एकाला कमी ऐकू येते. म्हणून पुढील गोष्टी कळवाव्यात, ही विनंती. दाराशी किती पायऱ्या आहेत? दार किती रुंद आहे? अंगणात खडी आहे की जमीन चोपलेली आहे? स्वच्छतागृह कोठे आहे व त्याचे दार कोणत्या बाजूस उघडते? कोणत्या वस्तूंना हात लावलेला चालेल? सावलीत बसण्यास जागा व पिण्यास पाणी आहे काय?
आपली आज्ञाधारक,
वर्गनायिका, इयत्ता सातवी."

चौथ्या दिवशी उत्तर आले : "आजवर असे कोणी विचारले नव्हते. रविवारी या. येताना मोजपट्टी आणा. मलाही पाहावयाचे आहे."

*

रविवारी गुरुजी, माधव, सुमन, शांता आणि रघू असे पाच जण पाहणीस गेले. संग्रहालय म्हणजे पूर्वीचा गोठा होता. पुढे शेणाने सारवलेले खळे होते. ते टणक आणि सपाट असल्याने त्यावरून खुर्ची सहज चालली. परंतु गोठ्याच्या दाराशी दोन पायऱ्या होत्या.

रघूने पायऱ्या मोजल्या. प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटर उंच, म्हणजे एकूण उंची ३० सेंटिमीटर भरली. कोपऱ्यात दीड मीटर लांबीची एक फळी पडली होती. "ही लावली, की काम झाले!" तो म्हणाला.

माधवने मान हलविली. "एवढ्या उभ्या चढावर माझी खुर्ची मागे उलटेल."

गुरुजींनी मुलांना नियम समजावून दिला. चाकांच्या खुर्चीसाठी उतार करताना उंची एक भाग असेल, तर लांबी निदान बारा भाग असावी लागते. उंची ३० सेंटिमीटर असेल, तर ३० गुणिले १२, म्हणजे ३६० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. फळी तर १५० सेंटिमीटरांचीच होती. तिची लांबी उंचीच्या केवळ पाचपट भरत होती. उतार लांब असला, की तीच उंची थोडी थोडी चढता येते आणि हातांना कमी जोर लावावा लागतो.

आजोबा हे लक्षपूर्वक ऐकत होते. ते एकदम म्हणाले, "अहो गुरुजी, ही तर मोटेची धाव झाली! बैल सपाटीवर मोट ओढीत नसत. विहिरीपासून दूर जाणारा उतार करावा लागे, म्हणजे बैलांचे वजन मोट ओढण्याच्या कामी येई. उतार चुकला, की बैल थकत. बैलांसाठी आम्ही उतार मोजून केला, आणि माणसांसाठी पायऱ्या बांधून मोकळे झालो!"

पुढे उंबरठा निघाला. तो १० सेंटिमीटर उंच होता. म्हणजे आत व बाहेर १२० सेंटिमीटर लांबीच्या उतरत्या फळ्या लागणार होत्या. दाराची रुंदी ८० सेंटिमीटर आणि माधवच्या खुर्चीची ६२ सेंटिमीटर होती. खुर्ची आत जात होती. पण चाक फिरविणाऱ्या हातांची बोटे चौकटीवर घासू नयेत, एवढी काळजी घ्यावी लागणार होती. नवीन इमारतीत दार ९० सेंटिमीटर रुंद ठेवतात, ते याचसाठी. आत नांगर आणि कुळव दाटीने मांडलेले होते. खुर्ची पूर्ण वळण्यास सुमारे दीड मीटरांची मोकळी जागा लागते. म्हणून एक बैलगाडीचे चाक भिंतीशी सरकवावे असे ठरले.

स्वच्छतागृहाची अडचण सर्वांत चमत्कारिक निघाली. खुर्ची आत जाई. पण दार आतल्या बाजूस उघडत असल्याने ते लावता येईना. आजोबांनी सुतारास बोलावून बिजागऱ्या बदलण्याचे व दार बाहेरच्या बाजूस उघडेल असे करण्याचे कबूल केले.

एक अडचण मात्र सुटेना. माळ्यावर जाण्यास लाकडी शिडीच होती. तेथे उतार करता येण्यासारखा नव्हता. रघूने माळ्याकडे पाहिले आणि मग माधवकडे पाहिले. पण तो काही बोलला नाही.

*

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात आणखी काही माहिती सांगितली. अशा सोयी करणे म्हणजे कोणावर उपकार करणे नव्हे. आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. सार्वजनिक ठिकाणे, वाहने आणि माहिती दिव्यांगांना सुलभ असावी, असे तो कायदा सांगतो. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली 'अनुभव' नावाचे दालन उघडले. त्यात निवडक वस्तूंच्या प्रतिकृती हातांनी चाचपून पाहता येतात.

सुमनने आपल्यापरीने तयारी आरंभिली. ती ब्रेल लिपी वाचते व लिहिते. ही सहा टिंबांची लिपी लुई ब्रेल या फ्रेंच गृहस्थाने तयार केली. तो १८०९ साली जन्मला. लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती. भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ही समान लिपी १९५१ साली स्वीकारण्यात आली. मराठीही त्याच लिपीत लिहितात. पाटीवर टोचणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहावे लागते. मग कागद उलटला, की उठावाची टिंबे डावीकडून उजवीकडे वाचता येतात. शांता नावे सांगे आणि सुमन ती टोचून जाड कागदाच्या चिठ्ठ्या तयार करी : नांगर, कुळव, पाभर, जू, मोट, इरले, पायली, शेर.

आजोबांनीही आपले काम केले. पायऱ्यांपुढे त्यांनी मुरूम टाकला, पाणी शिंपडले आणि धुमसाने धुमसून ३६० सेंटिमीटर लांबीचा पक्का उतार केला.

*

सहलीचा दिवस उजाडला. माधवची खुर्ची मिटवून गाडीच्या सामानाच्या कप्प्यात ठेवली आणि त्याच्या वडिलांनी शिकविल्याप्रमाणे आधार देऊन गुरुजींनी त्याला दारालगतच्या आसनावर बसविले. बारा-बारा मुलांचे तीन गट केले होते. त्यामुळे गोठ्यात गर्दी झाली नाही. आजोबा उजेडाकडे तोंड करून सावकाश बोलत होते आणि बाळू पहिल्याच रांगेत उभा होता.

माधव उताराशी आला. त्याने दोन्ही चाकांवर हात ठेवले आणि कोणाच्याही मदतीवाचून तो वर गेला. वर पोहोचल्यावर तो थांबला नाही. सरळ नांगरापाशी गेला.

हात लावण्यापूर्वी सर्वांनी हात धुऊन कोरडे केले. जुन्या मोटेचे चामडे वाळून तडकले होते. म्हणून तिला हात लावावयाचा नव्हता. त्याऐवजी आजोबांनी गोणपाटाची एक लहान मोट शिवून ठेवली होती. बाकीची अवजारे हाताळण्यास मोकळीक होती.

पाभरीपाशी एक गंमत झाली. मुलांनी पाभर पाहिली, "पेरणीचे अवजार" असे वहीत लिहिले आणि ती पुढे निघाली. सुमन मात्र तेथेच उभी राहिली. तिने खालचे फण मोजले. ते तीन होते. प्रत्येक फणापासून वर जाणाऱ्या नळीवरून तिने बोटे नेली. तिन्ही नळ्या वर एका लाकडी वाटीस मिळत होत्या. त्या वाटीत बोट घालून ती म्हणाली, "आजोबा, ही वाटी एक आहे, पण तिच्या बुडाशी भोके तीन आहेत. वरून एका मुठीने धान्य सोडले, तर ते तीन वाटांनी तीन ओळींत पडत असेल. होय ना?"

"अगदी बरोबर, पोरी!" आजोबा म्हणाले. "त्या वाटीला चाडे म्हणतात. चाड्यावर मूठ धरणे हे मोठ्या कौशल्याचे काम. मूठ सैल झाली, की दाट पेरणी होई; आवळली, की पातळ होई. माझी आई दिवसभर पाभरीमागून चालत पेरीत असे. तिचे बोट जेथे टेकत असे, तेथे चाड्याचा काठ झिजला आहे. तो तुझ्या हाताला लागला का?"

सुमनने काठावरून बोट फिरविले. "लागला," ती हळूच म्हणाली.

पुढे गेलेली मुले परत आली आणि एकेकाने तो झिजलेला काठ चाचपून पाहिला. डोळ्यांना तो दिसलाच नव्हता.

शेवटी माळ्याची पाळी आली. आजोबांनी इरले, बैलांची घुंगुरमाळ आणि पायली व शेर ही मापे आधीच खाली आणून ठेवली होती. चार शेरांची एक पायली कशी होते, हे माधवने ज्वारी मोजून पाहिले. परंतु बांबूची मोठी कणगी खाली आणता येण्यासारखी नव्हती. रघू शिडीपाशी जाऊन थांबला.

"जा की वर," माधव म्हणाला. "माझ्यासाठी कोणी माळा चुकवावा असे मला वाटत नाही. मात्र जे पाहशील ते नीट पाहून ये. मी प्रश्न विचारणार आहे."

रघू वर गेला. कणगीची उंची, तिला आतून-बाहेरून केलेले सारवण आणि धान्य काढण्यासाठी खाली ठेवलेले भोक हे सर्व त्याने पाहिले व कागदावर रेखाटून आणले. माधवने त्याला सात प्रश्न विचारले. त्यांपैकी दोहोंची उत्तरे देण्यासाठी रघूला पुन्हा शिडी चढावी लागली.

परतताना गुरुजींनी त्याला आठवण दिली, "काय रे रघू, तू काही तरी विचारणार होतास ना?"

"नाही, गुरुजी," रघू म्हणाला. "मी एकटा आलो असतो, तर कणगीला भोक असते हेही मला दिसले नसते."

*

वर्गाने केलेला उतार सहलीनंतर मोडला गेला नाही. गुडघ्यांचे दुखणे असलेल्या आजींना गोठ्यात जाणे त्यामुळे सोपे झाले. कडेवर मूल घेऊन येणाऱ्या बायका आणि धान्याचे पोते ढकलगाडीवरून नेणारा गडी हेही त्याच वाटेने जाऊ लागले. एकासाठी काढलेली वाट अशी अनेकांच्या उपयोगी पडते. तीन आठवड्यांची ती तयारी मुलांनी एका वहीत उतरविली आणि पुढच्या सातवीच्या स्वाधीन केली. वहीच्या पहिल्या पानावर शांताचे वाक्य होते : 'पहिले काम – ज्याची अडचण त्यालाच विचारणे.'

शब्दार्थ

धाव – मोट ओढताना बैल ज्यावरून चालतात तो विहिरीजवळचा उतार. थारोळे – मोटेचे पाणी जेथे पडते ती जागा. खळे – मळणीसाठी केलेली सपाट, टणक जमीन. धुमस – जमीन ठोकून घट्ट करण्याचे साधन. चाडे – पाभरीची बी सोडण्याची लाकडी वाटी. इरले – पावसापासून बचावासाठी डोक्या-पाठीवर घेण्याचे पानांचे आच्छादन. कणगी – धान्य साठविण्याची बांबूची मोठी टोपली.

अभ्यास

१. माधव व सुमन यांनी यादीत आपल्या नावापुढे खूण का केली नाही?
२. मुलांची पहिली यादी शांताने का फाडली?
३. 'ही तर मोटेची धाव झाली!' असे आजोबा का म्हणाले, ते स्पष्ट करा.
४. पाभरीविषयी इतरांना न कळलेले सुमनला कसे कळले?
५. सहलीच्या आरंभीचा रघू आणि शेवटचा रघू यांत कोणता फरक दिसतो?
६. दाराशी १५ सेंटिमीटर उंचीच्या तीन पायऱ्या असतील, तर उतार किती लांब करावा लागेल?
७. वाक्यात उपयोग करा : कचरणे, अडगळीत पडणे, ध्यानात येणे, स्वाधीन करणे.
८. उपक्रम : आपल्या शाळेच्या दारापासून वर्गापर्यंतची वाट मोजपट्टी घेऊन पाहा. पायऱ्या, उंबरठे व दारांची रुंदी यांची नोंद करा. कोणत्या अडचणी दूर करता येतील, त्याविषयी मुख्याध्यापकांना पत्र लिहा.